मेंदूच्या आवरणात कर्करोग पसरल्याची शंका : पाठीतील पाण्याची तपासणी नीट कशी करून घ्यावी

स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या रुग्णाला एक वस्तू दोन दिसू लागते, ओठाचा एक कोपरा खाली झुकतो, सकाळी उठताच डोके ठणकून उलटी होते, किंवा कमरेतून पायात कळ जाते आणि लघवी झाल्याचे कळत नाही. यांतील एकेकट्या तक्रारीला साधे कारण असू शकते. पण शरीरात एकमेकांपासून दूर असलेल्या दोन-तीन जागांच्या नसा एकाच सुमारास बिघडू लागल्या, की कर्करोग मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणात तर उतरला नाही ना, अशी शंका डॉक्टरांनी घ्यावीच लागते. मग केसपेपरवर ‘सीएसएफ सायटोलॉजी’ असे लिहिले जाते आणि घरच्या माणसांना सांगितले जाते, की पाठीतील पाणी काढून त्यातील पेशी तपासायच्या आहेत.

ही तपासणी विलक्षण नाजूक आहे. सुई टोचणे हा तिचा सोपा भाग आहे. अडचण असते ती किती पाणी काढले, ते किती वेळात प्रयोगशाळेत पोचले आणि पहिला अहवाल निगेटिव्ह आल्यावर पुढे काय केले यात, आणि या तिन्ही बाबतींत जागरूक नातेवाइकाचा खरा उपयोग होतो. पुढील माहिती रुग्ण आणि त्याच्या सोबतचे लोक यांच्यासाठी आहे. औषध थांबवणे, सुरू करणे किंवा सुई टोचण्याचा निर्णय मात्र रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

पाणी म्हणजे नेमके काय

मेंदू आणि मज्जारज्जूवर तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे जाड, आणि आतील दोन अगदी तलम. या दोन तलम आवरणांमधल्या जागेत एक नितळ द्रव सतत वाहत असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो, म्हणजे तासाला साधारण २० मिलिलिटर. तपासणीसाठी १० मिलिलिटर पाणी काढले तर ते अर्ध्या-पाऊण तासात भरून निघते. ‘एवढे पाणी काढल्यावर मेंदू कोरडा पडेल’ या भीतीपोटी कित्येक नातेवाईक कमी पाणी काढण्याचा आग्रह धरतात. तो आग्रह रुग्णाच्या हिताच्या उलट जातो.

कर्करोगाच्या पेशी या आवरणापर्यंत रक्तातून, नसांच्या कडेने किंवा मेंदूतील गाठीतून पोचतात. त्यांतील काही पाण्यात तरंगतात, तर काही आवरणाला घट्ट चिकटून वाढतात. विहिरीच्या भिंतीवर शेवाळ माजलेले असावे आणि पोहऱ्यात मात्र स्वच्छ पाणी यावे, तसा प्रकार इथे घडू शकतो. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नये. आजार असतानाही ते बहुतेकदा नळाच्या पाण्यासारखेच नितळ दिसते. प्रथिने फार वाढली तर त्यात किंचित पिवळसर झाक येते.

आधी एमआरआय, मग सुई

क्रम महत्त्वाचा आहे. मेंदू आणि संपूर्ण कणा यांचा कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय शक्यतो पाणी काढण्याआधी व्हावा. त्याची कारणे दोन. मेंदूत, विशेषतः मागच्या भागात, मोठी गाठ असेल किंवा पाण्याचा मार्ग अडलेला असेल, तर खालून पाणी काढल्यावर दाबाचा तोल बिघडून मेंदूचा भाग खाली सरकण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. दुसरे असे, की पाणी काढल्यानंतर दाब कमी झाल्यामुळे मेंदूचे बाहेरचे आवरण एमआरआयमध्ये काही दिवस चमकू शकते आणि वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टची दिशाभूल होऊ शकते. सुई आधी झालीच असेल, तर एमआरआयच्या फॉर्मवर तिची तारीख लिहून द्यावी.

खर्च वाचवण्यासाठी केवळ मेंदूचा एमआरआय करून थांबणे अनेक ठिकाणी दिसते. तक्रार पायांची किंवा लघवीची असेल, तर ही काटकसर महागात पडते, कारण रोग कण्याच्या तळाशी असलेल्या नसांवर बसलेला असू शकतो.

सुईच्या आदल्या दिवसापर्यंत

रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, अगदी हृदयरोगतज्ज्ञाने चार वर्षांपूर्वी दिलेल्या गोळीसह, डॉक्टरांच्या हातात द्यावी. रक्त पातळ करणारी औषधे सुईपूर्वी थांबवावी लागतात: क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी, पोटात टोचण्याची हेपारिनसारखी इंजेक्शने मात्रेनुसार १२ ते २४ तास आधी. केवळ ॲस्पिरिन चालू असेल, तर ते सहसा थांबवावे लागत नाही. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाने यांतील कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. किमोथेरपीमुळे प्लेटलेट घसरलेल्या असतील, तर बहुतेक रुग्णालये त्या निदान ५०,००० पर्यंत येण्याची वाट पाहतात किंवा आधी प्लेटलेट चढवतात.

स्टेरॉइडचा मुद्दा मात्र अनेकदा विसरला जातो. डोकेदुखी आणि उलट्या कमी व्हाव्यात म्हणून डेक्सामेथासोन लगेच सुरू केले जाते, आणि अनेक रुग्णांत ते आवश्यकही असते. परंतु लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाची, शंका असेल, तर हेच औषध कर्करोगाच्या पेशी विरघळवून टाकते आणि नमुना रिकामा निघतो. म्हणून प्रकृती परवानगी देत असेल तर पाणी आधी काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

वेळ ठरवताना

माझ्या मते नातेवाइकांनी विचारायचा पहिला प्रश्न ‘दुखेल का’ हा नसून ‘नमुना कोण तपासणार आणि तिथे किती वाजेपर्यंत पोचला पाहिजे’ हा आहे. शरीराबाहेर आल्यावर या पाण्यातील पेशी फार लवकर खराब होऊ लागतात. युरोपातील न्यूरो-ऑन्कॉलॉजी आणि मेडिकल ऑन्कॉलॉजी या क्षेत्रांतील संघटनांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचना २०१७ मध्ये निघाल्या आणि २०२३ मध्ये सुधारल्या गेल्या. पेशी तपासण्यासाठी शक्यतो १० मिलिलिटरहून अधिक आणि कमीत कमी ५ मिलिलिटर पाणी घ्यावे, आणि त्यावर ३० मिनिटांच्या आत प्रक्रिया सुरू व्हावी, असे त्या सांगतात.

आता आपल्याकडील प्रत्यक्ष स्थिती पाहावी. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग रुग्णालयात सायटोलॉजी विभाग त्याच आवारात असतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी रुग्णालयात मात्र नमुना बाहेरच्या लॅबच्या केंद्रावर जातो, तिथून संध्याकाळच्या गाडीने पुण्या-मुंबईला जातो आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सूक्ष्मदर्शकाखाली येतो. तोपर्यंत पेशींचे आकार इतके बिघडलेले असतात, की अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही ठामपणे काही सांगता येत नाही. यावर दोन उपाय आहेत. प्रकृती तातडीची नसेल, तर तपासणी कामाच्या दिवशी सकाळी ठेवावी. शनिवारी संध्याकाळी काढलेला नमुना सोमवारची वाट पाहत पडून राहतो. आणि अंतर टाळता येत नसेल, तर पेशी टिकवून धरणारे द्रावण असलेली खास ट्यूब लॅबकडून आधीच मागवून घ्यावी. ती नसेल, तर नमुना आपल्याच रुग्णालयात सेंट्रिफ्यूजवर फिरवून, काचपट्ट्या तयार करून त्या पाठवता येतील का, हे विचारावे. तयार काचपट्टीचा प्रवास पाण्याच्या प्रवासापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो.

सुई टोचताना

पाठीत सुई टोचून हे पाणी काढण्याची पद्धत हाइनरिख क्विंके या जर्मन वैद्याने १८९१ मध्ये मांडली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात किंवा पुढे वाकून बसवतात. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या कटिमणक्याच्या आसपास जाते. तिच्या लगतच्या फटीत त्वचा बधिर करून बारीक सुई आत घालतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू याच्या बराच वर, पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याजवळ संपलेला असतो, त्यामुळे सुई त्याला लागत नाही. सिझेरियनसाठी कमरेखालची भूल देताना सुई जिथे टोचतात, तीच ही जागा. ‘पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो’ हा समज गावोगाव आहे. ज्या रुग्णांचे पाय आजारामुळे आधीच जात होते त्यांचे पाणी काढले गेले आणि दोष सुईवर आला, असे बहुधा घडलेले असावे.

सुई आत गेल्यावर डॉक्टर एक उभी नळी जोडून पाण्याचा दाब मोजतात. कुशीवर झोपलेल्या मोठ्या माणसात तो साधारण २० सेंटिमीटरच्या आत असतो, स्थूल व्यक्तीत थोडा अधिक चालतो. दाब मोजायचा असेल, तर रुग्णाला बसवून चालत नाही. गर्दीच्या वॉर्डात ही पायरी गाळली जाते. पण वाढलेला दाब हा स्वतःच एक पुरावा आहे आणि डोकेदुखीवरचा उपचारही त्यावर ठरतो.

पाणी वेगवेगळ्या ट्यूबमध्ये थेंब-थेंब पडू देतात. सुईने एखादी रक्तवाहिनी दुखावली, तर रक्ताचे अंश पहिल्या ट्यूबमध्ये अधिक येतात, म्हणून पेशींच्या तपासणीसाठी नंतरच्या ट्यूब ठेवणे योग्य. रक्ताच्या कर्करोगात याला फार महत्त्व आहे, कारण रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशी पाण्यात मिसळल्या तर पाण्यातच रोग आहे असा भास होतो. लहान मुलांच्या ल्युकेमियात पहिली सुई अनुभवी हातांनीच टोचावी, असा दंडक त्यामुळेच आहे.

बायोकेमिस्ट्री, जंतू आणि पेशी अशा तिन्ही विभागांना पाणी वाटताना पेशींच्या वाट्याला शेवटी जेमतेम २ मिलिलिटर उरते, ही नेहमीची चूक आहे. कोणत्या तपासण्या लिहिल्या आहेत आणि कोणत्या ट्यूबमध्ये किती पाणी हवे, हे सुईच्या आधी ठरलेले असावे. फ्लो सायटोमेट्री (लेझरच्या साहाय्याने पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) करायची असेल, तर तिची ट्यूब वेगळी असते आणि तिच्यात फॉर्मालिन चालत नाही. त्याच सुमारास हाताच्या शिरेतून रक्तातील साखरेचा नमुनाही घेतला जावा. तो का, हे पुढे येईल.

नमुना वॉर्डातील मामांच्या हाती द्यायचा असो वा नातेवाइकांनी स्वतः न्यायचा असो, ट्यूबवर रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि पाणी काढल्याची वेळ लिहिली आहे हे पाहून घ्यावे. फॉर्मवर मूळ कर्करोग कोणता, कोणती किमो चालू आहे आणि आधी पाठीतून औषध दिले होते का, हे लिहिलेले असावे. कोऱ्या फॉर्मवर आलेला नमुना वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला नेमके काय शोधायचे ते माहीत नसते. ट्यूब बर्फात पुरू नये, फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नये; गोठल्यावर पेशी फुटतात.

नंतरची डोकेदुखी

बसले की वाढणारी आणि आडवे झाले की थांबणारी डोकेदुखी ही सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहिल्याची खूण असते. बोथट टोकाच्या नव्या प्रकारच्या सुया वापरल्या तर तिचे प्रमाण बरेच कमी होते, म्हणून अशी सुई उपलब्ध आहे का हे विचारण्यास हरकत नाही. दिवसभर सक्तीने उताणे झोपवून ही डोकेदुखी टळते, याला आधार नाही. पुरेसे पाणी, साधी वेदनाशामके आणि चहा-कॉफी यांनी बहुतेकांना आराम पडतो. न पडल्यास रुग्णाचेच थोडे रक्त त्या जागी टोचून छिद्र बुजवता येते. ताप, मान ताठणे, पायांतील शक्ती कमी होत जाणे, लघवी अडणे किंवा जखमेतून पाणी वाहणे यांपैकी काहीही झाल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालयात परतावे.

अहवाल वाचताना

पहिल्या पानावर प्रथिने, साखर आणि पेशींची संख्या असते. प्रथिने सामान्यतः एका डेसिलिटरमध्ये १५ ते ४५ मिलिग्रॅम, पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये पाचपेक्षा कमी, आणि साखर रक्तातील साखरेच्या साधारण ६० टक्के असते. येथे फसगत होते ती साखरेबाबत. स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णाची रक्तातील साखर २४० असेल आणि पाण्यातील साखर ६०, तर अहवालावर ६० हा आकडा छापील मर्यादेत बसतो. प्रत्यक्षात तो १२० च्या पुढे असायला हवा होता, म्हणजे साखर निश्चितच घटलेली आहे. त्याच वेळचा रक्ताचा नमुना यासाठी हवा.

वाढलेली प्रथिने, घटलेली साखर आणि थोड्या वाढलेल्या लिम्फोसाइट पेशी, हे चित्र आवरणातील कर्करोगाशी जुळते. परंतु हुबेहूब हेच चित्र क्षयाच्या मेंदूज्वराचेही असते, आणि आपल्या देशात किमोमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात क्षय हा दूरचा पर्याय नव्हे. म्हणून त्याच नमुन्यावर क्षयासाठी सीबीनॅट आणि बुरशीसाठी क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासून घेणे शहाणपणाचे असते. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात सीबीनॅट सरकारी केंद्रांवर विनामूल्य होते. ती निगेटिव्ह आली तरी क्षय पूर्णपणे वगळला जात नाही. एडीए या तपासणीवर तर एकटीवर विसंबूच नये, कारण लिम्फोमातही तिचा आकडा वाढू शकतो. शिवाय स्टेरॉइडने दोन्ही आजारांत काही दिवस बरे वाटते, त्यामुळे ‘गोळ्यांनी फरक पडला’ हे निदान ठरत नाही.

दुसरा अहवाल सायटोलॉजीचा. ‘पॉझिटिव्ह फॉर मॅलिग्नंट सेल्स’ असे स्पष्ट लिहिले असेल, तर ते जवळपास निर्णायक असते. खोटे पॉझिटिव्ह अहवाल फार क्वचित येतात. ‘एटिपिकल’ किंवा ‘सस्पिशियस’ म्हणजे पेशी वेगळ्या दिसल्या पण खात्री नाही. संसर्गात चिडलेल्या साध्या पेशीही अशा दिसू शकतात, त्यामुळे या शब्दांवरून कोणताच निष्कर्ष न काढता नमुना पुन्हा पाठवावा. पेशी पुरेशा असल्यास खास रंगद्रव्यांच्या चाचणीने त्या स्तनाच्या, फुप्फुसाच्या की मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या, हेही सांगता येते. ल्युकेमिया असलेल्या मुलांच्या अहवालावर ‘सीएनएस १’, ‘२’ किंवा ‘३’ असे लिहिलेले आढळते: पहिल्यात कर्करोगपेशी नाहीत, दुसऱ्यात त्या आहेत पण एकूण पांढऱ्या पेशी पाचपेक्षा कमी, तिसऱ्यात पाच किंवा अधिक.

आणि ‘निगेटिव्ह’? आवरणात रोग खरोखर असलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्याच रुग्णांत तो पहिल्या नमुन्यात सापडतो. दुसऱ्या नमुन्यानंतर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते. तिसऱ्यापासून फारशी भर पडत नाही. म्हणून तक्रारी आणि एमआरआय रोगाकडे बोट दाखवत असतील, तर पहिल्या निगेटिव्ह अहवालावर विषय मिटवू नये. पुरेसे पाणी घेऊन आणि वेळ पाळून दुसऱ्यांदा तपासणी करावी. रुग्णाला पुन्हा टोचायचे म्हटल्यावर घरच्यांचा जीव खालीवर होतो हे खरे, पण उपचाराविना या आजारात आयुष्य अनेकदा काही आठवड्यांचेच उरते, त्यामुळे दुसरी सुई महिन्याभराने नव्हे, तर थोड्याच दिवसांत ठरवावी. एमआरआयमधील चित्र नमुनेदार असेल, तर पाण्यात पेशी न सापडताही तज्ज्ञ उपचार सुरू करू शकतात, आणि ते नियमाला धरूनच असते.

उरलेल्या पाण्याचा उपयोग

रक्ताच्या कर्करोगात आणि लिम्फोमात फ्लो सायटोमेट्री ही साध्या सायटोलॉजीपेक्षा अधिक संवेदनशील ठरते, आणि तिला पाणीही कमी लागते. गाठीच्या कर्करोगांत आता पाण्यातील तरंगत्या कर्करोगपेशी मोजण्याच्या आणि पाण्यात विरघळलेला कर्करोगाचा डीएनए वाचण्याच्या चाचण्या आल्या आहेत. त्या महाग आहेत आणि सर्वत्र मिळत नाहीत, म्हणून सरसकट प्रत्येकाने करून घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. पण फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या रुग्णांसाठी त्यांना खरे मोल आहे, कारण रक्तात न दिसणारा नवा जनुकीय बदल पाण्यात दिसू शकतो आणि ओसिमर्टिनिबसारखी, मेंदूपर्यंत चांगली पोचणारी गोळी द्यायची की नाही, किंवा चालू औषध बदलायचे का, हे त्यावरून ठरवता येते. ही शक्यता असेल, तर सुईच्या आधीच लॅबशी बोलून नमुन्याचा वरचा, पेशी काढून घेतलेला भाग फेकू नये अशी सूचना लेखी द्यावी. तपासणी झाल्यावर तो सहसा टाकून दिला जातो.

निदान पक्के होऊन पाठीतून वारंवार औषध देण्याची वेळ आली, तर डोक्याच्या त्वचेखाली बसवायच्या एका छोट्या कुपीचा पर्याय डॉक्टर सुचवतात. अयूब ओमाया या मूळच्या पाकिस्तानी न्यूरोसर्जनने ती १९६३ मध्ये मांडली आणि तिला त्यांचेच नाव आहे. तिच्यातून पाणीही काढता येते, त्यामुळे पाठीत पुन्हा पुन्हा टोचणे टळते. मात्र रोग कमरेच्या नसांवर असेल, तर डोक्यातील पाण्याचा अहवाल निगेटिव्ह आणि कमरेतील पाण्याचा पॉझिटिव्ह असे होऊ शकते. उपचारांचा परिणाम तपासताना कोणत्या जागेचे पाणी घेतले, हे प्रत्येक अहवालावर लिहून घ्यावे आणि मागील अहवालाशी तुलना करताना जागा तीच आहे ना, हे आधी पाहावे.